वायुनौकांचें वेड

जर्मनींत श्टुटगार्ट शहराजवळ एख्टरडिंगन नांवाचें एक खेडें आहे. ५ ऑगस्ट १९०८ रोजीं सकाळीं या खेड्याच्या शिवारांत सुमारें साडेचारशें फूट लांबीची एक वायुनौका इंजिनांत बिघाड झाल्यामुळें खालीं उतरली. ही बातमी हां हां म्हणतां आसमंतांत पसरली आणि हजारों माणसें शेतें तुडवीत तेथें गोळा झालीं. नौकेचे निर्माते काउंट फर्डिनंड फोन झेपेलिन हे त्या वेळीं सत्तर वर्षांचे होते. सलग चोवीस तास उड्डाण करून दाखविल्यास ही नौका सैन्यासाठीं विकत घेऊं, अशी सरकारची अट होती, आणि ती पुरी करण्यासाठींच हे वृद्ध सरदार आदल्या दिवशीं निघाले होते. दुपारीं एकाएकीं सोसाट्याचा वारा सुटला. दोरखंड तुटले, नौका वाऱ्याबरोबर फरफटत गेली आणि तिच्यांतील हायड्रोजन वायूनें पेट घेतला. थोड्याच वेळांत धातूच्या वांकड्यातिकड्या सांगाड्यावांचून तेथें कांहीं उरलें नाहीं.

व्यवहाराच्या दृष्टीनें पाहिलें, तर हा उद्योग तेथेंच संपावयास हवा होता. घडलें तें नेमकें उलट. कोणीं आज्ञा केली नसतां, कोणीं कर बसविला नसतां, साऱ्या देशांतून काउंटच्या नांवानें पैसे येऊं लागले आणि हा निधि साठ लक्ष मार्कांच्या वर गेला. त्यांतूनच वायुनौका बांधणारी नवी कंपनी उभी राहिली. जर्मन लोक या घटनेला पुढें ‘एख्टरडिंगनचा चमत्कार’ म्हणूं लागले. यशाला बक्षीस मिळतें हें नेहमींचें आहे. येथें तें अपयशाला मिळालें. आणि हें बक्षीस ज्या वस्तूला मिळालें ती मुळांत युद्धासाठीं होती, हेंही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

वायुनौकेचें तत्त्व अगदीं साधें आहे. पाण्यांत लांकूड तरंगतें त्याच नियमानें हवेंत हलका वायु तरंगतो. एक हजार घनफूट हायड्रोजन सुमारें सत्तर पौंड वजन उचलूं शकतो. हेलियम वायु यापेक्षां थोडें कमी वजन उचलतो, परंतु तो पेट घेत नाहीं. नुसता फुगा वारा नेईल तिकडे जातो. त्याला लांबट आकार, सुकाणूं व इंजिन दिलें कीं वायुनौका तयार होते. इच्छेप्रमाणें जाऊन मूळ जागीं परत येणारी पहिली नौका १८८४ सालीं फ्रेंच सैन्यांतील रनार व क्रेब्स या अधिकाऱ्यांनीं उडविली. पुढें या नौकांचे दोन मुख्य प्रकार रूढ झाले. एकांत धातूचा किंवा लांकडाचा भव्य सांगाडा असून त्याच्या आंत वायूच्या अनेक पिशव्या बसविलेल्या असतात. झेपेलिन ती हीच. दुसऱ्या प्रकारांत सांगाडाच नसतो. कापडी पिशवी आंतील वायूच्या दाबानेंच ताठ राहते आणि तिच्याखालीं माणसांसाठीं एक लहान पाळणा टांगलेला असतो. या दुसऱ्या प्रकाराला ब्लिंप असें कांहींसें थट्टेचें नांव पडलें. पहिला प्रकार राजहत्तीसारखा आणि दुसरा ओझ्याच्या बैलासारखा. लोकांचें प्रेम कोणाच्या वाट्याला गेलें आणि काम कोणीं केलें, याचा हिशेब हाच या नौकांचा खरा इतिहास होय.

काउंट झेपेलिन हे जातीचे सैनिक होते. १८६३ सालीं अमेरिकेंतील यादवी युद्ध पाहण्यासाठीं ते गेले असतां तेथें त्यांनीं प्रथम फुग्यांतून आकाशाचा अनुभव घेतला. सैन्यांतून निवृत्त झाल्यावर त्यांनीं आपलें सर्व द्रव्य या कामीं लावलें, आणि २ जुलै १९०० रोजीं बोडन सरोवरावर त्यांची पहिली नौका वर चढली. तिला लोक भुलले याचें कारण समजण्यासारखें आहे. विमान डोक्यावरून जातें तें नजर ठरण्यापूर्वीं निघून जातें. वायुनौका मात्र संथपणें येते, बराच वेळ दिसत राहते, आणि रस्त्यांतील हमालापासून गच्चीवरील शेटजीपर्यंत सर्वांना एकाच वेळीं मान वर करावयास लावते. एवढी अवाढव्य वस्तु हवेंत स्वस्थ तरंगते आहे, हें दृश्य बुद्धीला पटलें तरी मनाला नवलाचेंच वाटतें. अशा वस्तूविषयीं ममता उत्पन्न होते. परंतु ममतेचा एक दोष असा कीं, ती ज्याच्यावर जडते त्याचीं व्यंगें तिला दिसेनाशीं होतात.

१९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें आणि या कौतुकाच्या नौकांना त्यांचें मूळ काम सांगण्यांत आलें. १९१५ च्या जानेवारींत इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर आणि ३१ मे रोजीं लंडनवर त्यांनीं बाँब टाकले. युद्ध संपेपर्यंत या हल्ल्यांत ब्रिटनमधील साडेपांचशेंहून अधिक माणसें मरण पावलीं. त्यांत घरांत झोंपलेलीं मुलेंबाळें होतीं. जर्मनींत ज्या आकृतीकडे पाहून टोप्या उडत होत्या, तीच आकृति लंडनमध्यें ‘बालहत्यारी’ ठरली. ३ सप्टेंबर १९१६ च्या पहाटे लेफ्टनंट लीफ रॉबिन्सन या वैमानिकानें पेट घेणाऱ्या गोळ्या झाडून एक वायुनौका लंडनच्या उत्तरेस पाडली. आंतील सोळाही माणसें जळून गेलीं. तो आगीचा लोळ कित्येक मैलांवरून दिसला आणि मध्यरात्र उलटून गेली असतां लंडनचे नागरिक रस्त्यांवर येऊन जयघोष करूं लागले. प्रेम आणि द्वेष दोन्ही त्याच भव्यतेपोटीं जन्मले होते. जी वस्तु मैलोगणती दिसते तिच्यावर प्रेम करणें सोपें असतें, आणि नेम धरणेंही सोपें असतें.

जर्मन नौदलाच्या वायुनौकादलाचे प्रमुख पेटर श्ट्रासर यांची गोष्ट येथें विशेष बोधप्रद आहे. १९१३ सालीं एका अपघातांत दलाची पहिली नौका बुडाली असतां हें पद त्यांच्याकडे आलें. ते शूर होते, शिस्तीचे होते, आणि स्वतः मोहिमांवर जात असत. ब्रिटिशांचीं विमानें अधिक उंच चढूं लागलीं तशा त्यांनीं आपल्या नौका हलक्या करून आणखी उंच नेल्या. वीस हजार फुटांवर माणसें थंडीनें गारठत व प्राणवायूच्या अभावीं बेशुद्ध पडत. ५ जानेवारी १९१८ रोजीं आलहॉर्न येथील तळावर स्फोट होऊन पांच नौका पाहतां पाहतां नष्ट झाल्या, तरी त्यांची श्रद्धा ढळली नाहीं. अखेर सर्वांत नवी व मोठी अशी ‘एल ७०’ ही नौका घेऊन ते स्वतः इंग्लंडवर निघाले. नॉरफोकच्या किनाऱ्यापाशीं कॅडबरी व लेकी या ब्रिटिश वैमानिकांनीं तिला गांठलें आणि ती पेटून समुद्रांत पडली. आंतील बावीसही जण गेले. श्ट्रासर त्यांपैकींच एक. तो दिवस ५ ऑगस्ट १९१८ हा होता. एख्टरडिंगनच्या शेतांत पहिली नौका जळाली त्याला त्याच दिवशीं बरोबर दहा वर्षें पूर्ण झालीं होतीं.

या गदारोळांत दुसऱ्या प्रकारच्या नौकेकडे फारसें कोणाचें लक्ष नव्हतें. १९१५ च्या फेब्रुवारी अखेर ब्रिटिश नौदलाचे प्रमुख लॉर्ड फिशर यांनीं पाणबुड्या हेरण्यासाठीं लहान, स्वस्त व झटपट तयार होणाऱ्या वायुनौका मागितल्या. कारागिरांनीं एक जुनी कापडी पिशवी घेतली, तिच्याखालीं एका विमानाचें पंख काढलेलें धड इंजिनासकट टांगलें, आणि तीन आठवड्यांच्या आंत ही जोडणी हवेंत गेली! दिसावयास ती ओबडधोबड होती. परंतु ती जहाजांच्या ताफ्याबरोबर त्यांच्याच चालीनें तासन्‌तास जाऊं शके, आणि वरून पाण्याखालची छाया न्याहाळी. वरून पाहणारा डोळा आहे हें समजलें कीं पाणबुडीचा कप्तान वर येण्याचें धाडस सहसा करीत नसे. हल्ला होऊं न देणें हेंच तिचें काम. आणि न झालेल्या हल्ल्यांचे पोवाडे कोणी रचीत नाहीं.

युद्धानंतर भव्य नौकांचें वेड अमेरिकेंत गेलें. तेथें हेलियम सांपडत होता, त्यामुळें आगीचें भय गेलें असें लोकांस वाटलें. ‘शेनॅन्डोआ’ ही हेलियमवर चालणारी पहिली मोठी नौका नौदलानें बांधली. तिला पाहण्याची हौस इतकी वाढली कीं, गांवोगांवच्या जत्रा-प्रदर्शनांवरून तिनें जावें अशा मागण्या येऊं लागल्या. तिचे कप्तान झकॅरी लॅन्सडाउन हे स्वतः ओहायो प्रांताचे. त्या ऋतूंतील तेथील वादळें त्यांना ठाऊक होतीं व त्यांनीं हरकतही घेतली होती. तरीही अखेर दौरा ठरला. ३ सप्टेंबर १९२५ च्या पहाटे ओहायोवर वादळानें या नौकेचे हवेंतच तुकडे केले. कप्तानासह चौदा जण मेले. त्यानंतर जें घडलें तें वेडाची दुसरी बाजू दाखवितें: जमलेल्या लोकांनीं आठवण म्हणून त्या भग्न नौकेचे कापड, दोऱ्या, यंत्रें लुटून नेलीं. पाहण्याच्या हौसेनें नौका वादळांत नेली, आणि जपून ठेवण्याच्या हौसेनें तिचे अवशेषही ठेवले नाहींत.

अमेरिकन नौदलाच्या विमानखात्याचे पहिले प्रमुख अ‍ॅडमिरल विल्यम मॉफेट यांनीं तरीही नेट सोडला नाहीं. पॅसिफिकसारख्या अफाट महासागरावर शत्रूचें आरमार शोधावयाचें, तर जहाजापेक्षां वेगवान आणि विमानापेक्षां दूर जाणारें साधन हवें, हा त्यांचा युक्तिवाद त्या काळीं चुकीचा नव्हता. ‘अ‍ॅक्रन’ व ‘मेकन’ या दोन नौका त्यांच्याच आग्रहानें झाल्या. प्रत्येकीची लांबी ७८५ फूट व पोटांत ६५ लक्ष घनफूट हेलियम. इतकेंच नव्हे, तर त्यांच्या उदरांत लहान लढाऊ विमानें ठेवलेलीं असत. तीं एका आंकड्यावरून खालीं सोडीत आणि परत आलीं कीं उडत्या नौकेवरच पुन्हां अडकवीत. अशी करामत पाहून कोण हरखणार नाहीं? परंतु ४ एप्रिल १९३३ रोजीं मध्यरात्रीनंतर न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर ‘अ‍ॅक्रन’ वादळांत सांपडून समुद्रांत कोसळली. आंत ७६ जण होते. त्यांतले ७३ मेले. मेलेल्यांत अ‍ॅडमिरल मॉफेट होते. यांतील बहुतेक जण आघातानें नव्हे, तर थंड पाण्यांत बुडून व गारठून मेले. समुद्रावर उडणाऱ्या त्या प्रचंड नौकेवर अंगांत घालावयाचीं तरंगतीं जाकिटें नव्हतीं आणि रबरी तराफा होता तो अवघा एक.

या एका गोष्टीपाशीं क्षणभर थांबलें पाहिजे. पांच विमानें मावतील अशी जागा करणाऱ्या कुशल माणसांना चार पैशांचीं जाकिटें सुचलीं नाहींत, हें अज्ञान म्हणतां येणार नाहीं. जी वस्तु बुडणारच नाहीं असें मनानें घेतलें, तिच्यावर बुडण्याची तयारी कोण करतो? दोन वर्षांनीं, १२ फेब्रुवारी १९३५ रोजीं, ‘मेकन’ कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापाशीं कोसळली. तिच्या शेपटाकडील सांगाड्याला आदल्या वर्षींच इजा झाली होती आणि ती पूर्णपणें दुरुस्त होण्यापूर्वींच तिला कामगिरीवर धाडण्यांत आलें होतें. मात्र या वेळीं जाकिटें व तराफे होते. ८३ जणांपैकीं ८१ वांचले. पहिल्या अपघाताचा अर्धा धडा शिकला गेला होता. उरलेला अर्धा धडा असा होता कीं, अशी नौका पुन्हां बांधूं नये. तोही मग शिकला गेला.

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. ब्रिटनचे हवाईमंत्री लॉर्ड टॉमसन यांचा जन्म १८७५ सालीं नाशिक येथें झाला होता. साम्राज्याचे दूरचे प्रांत वायुनौकांनीं जोडावयाचे ही त्यांची महत्त्वाकांक्षा होती. उतारू नेण्याबरोबरच प्रसंगीं सैनिकही न्यावयाचे, हा त्या योजनेचा एक भाग होता. त्यासाठीं तेव्हां मुंबई इलाख्यांत मोडणाऱ्या कराचीस एक अवाढव्य निवारा व नौका बांधण्याचा मनोरा उभारण्यांत आला. ‘आर १०१’ ही नौका हिंदुस्थानाकडे निघाली ती ऑक्टोबर १९३० मध्यें, बदल केल्यानंतरची पूर्ण वेगाची चांचणी न होतांच. कारण मंत्रिमहाशयांना साम्राज्य परिषदेसाठीं ठरल्या दिवशीं परत यावयाचें होतें. ५ ऑक्टोबरच्या पहाटे फ्रान्समधील बोव्हे गांवाजवळ ती टेकडीवर आदळून पेटली. ५४ पैकीं ४८ जण मेले व त्यांत लॉर्ड टॉमसनही होते. कराचीचा तो निवारा एकाही वायुनौकेला आश्रय न देतां अखेर जमीनदोस्त झाला.

१९३७ सालीं अमेरिकेंत लेकहर्स्ट येथें ‘हिंडेनबुर्ग’ जळाली, ३६ जणांचा बळी गेला, आणि राजहत्तींची मिरवणूक संपली. परंतु बैल अद्याप जुवाखालीं होता. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या किनाऱ्यालगत जर्मन पाणबुड्या जहाजांमागून जहाजें बुडवूं लागल्या तेव्हां नौदलानें पुन्हां ब्लिंप नौका हातीं घेतल्या. ‘के’ वर्गाच्या १३४ नौका बांधल्या गेल्या. प्रत्येकीची लांबी अडीचशें फूट, आंत दहा माणसें, रडार, आणि पाण्याखालच्या लोखंडामुळें पृथ्वीच्या चुंबकत्वांत पडणारा फरक ओळखणारें यंत्र. नौदलाच्या हिशेबाप्रमाणें त्यांनीं सुमारें ८९ हजार जहाजांना सोबत केली आणि त्यांच्या देखरेखीखालील जहाजांचें नुकसान नगण्य राहिलें. शत्रूच्या माऱ्यानें पडलेली ब्लिंप एकच. १८ जुलै १९४३ च्या रात्रीं फ्लॉरिडाजवळ ‘के ७४’ नें एका पाणबुडीवर चाल केली, ऐन वेळीं बाँब सुटले नाहींत, आणि गोळ्यांनीं चाळण होऊन ती पाण्यावर उतरली. दहांपैकीं नऊ जण वांचले. सुटका डोळ्यांसमोर दिसत असतां दहाव्याला शार्कनें नेलें. १९४४ च्या उन्हाळ्यांत यांपैकीं कांहीं नौका अझोर्स बेटांवरून अटलांटिक महासागर ओलांडून मोरोक्कोंत पोंचल्या आणि जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवर रात्रींचा पहारा करूं लागल्या. या कामाचीं चित्रें फारशीं कोठें झळकलीं नाहींत.

पुढें हेलिकॉप्टर व दूरवर जाणारीं विमानें आलीं आणि या नौकांचीही गरज सरली. ३१ ऑगस्ट १९६२ रोजीं लेकहर्स्ट येथून अमेरिकन नौदलाच्या ब्लिंप नौकेचें शेवटचें उड्डाण झालें. पण वेड संपलें नाहीं. लेकहर्स्टचा जुना प्रचंड निवारा जतन केलेला आहे आणि इतिहासप्रेमी मंडळी तो लोकांना हौसेनें दाखवितात. बोडन सरोवरावरील फ्रीड्रिखसहाफेन येथें १९९६ सालीं झेपेलिन संग्रहालय नव्या रूपांत उघडलें. ‘हिंडेनबुर्ग’ मधील खोल्या तेथें मूळ आकारांत पुन्हां बांधल्या आहेत. ‘मेकन’चे अवशेष १९९० सालीं समुद्रतळाशीं सांपडले, आणि तिच्या पोटांतलीं विमानेंही तिच्याजवळच पडलेलीं दिसलीं. सैन्यांचाही मोह अधूनमधून उसळतो. २०१५ च्या ऑक्टोबरांत अमेरिकन सैन्याचा टेहळणीचा एक दोरखंडी फुगा मेरीलँडमधून सुटला आणि पेनसिल्व्हेनियांत विजेच्या तारा तोडीत गेला. १९०८ च्या एख्टरडिंगनमधील वाऱ्यानें जणूं पुन्हां आठवण करून दिली. भारतांतही संरक्षण संशोधन संस्थेनें आग्रा येथें तयार केलेल्या वायुनौकेची मे २०२५ मध्यें मध्यप्रदेशांतील श्योपुर येथून सुमारें १७ किलोमीटर उंचीपर्यंत चांचणी घेतली. उंचावर स्थिर राहून दीर्घकाळ पाहत राहणें, हा या जातीचा मूळ गुण अद्याप कोणास टाकून देतां आलेला नाहीं.

मग या प्रेमाचा दोष मानावा काय? एख्टरडिंगनच्या शेतांत लोकांनीं आपली पुंजी ओतली नसती, तर आकाशांत पाळत ठेवणारी ती गरीब कापडी पिशवीही कदाचित् इतक्या लवकर कोणाच्या हातीं आली नसती. माणसाच्या वेडावांचून नवें साधन जन्मास येत नाहीं, हें खरेंच आहे. परंतु श्ट्रासर, मॉफेट व टॉमसन हे तिघेही आपापल्या लाडक्या नौकेंतच मेले आणि त्यांच्याबरोबर शेंकडों तरुण खलाशी गेले, हेंही तितकेंच खरें. त्या तिघांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्यास जागा नाहीं. स्वतः ज्यांत बसावयाचें नाहीं त्यांत दुसऱ्यास बसविण्याचा हलकेपणा त्यांच्या ठायीं नव्हता. उणीव होती ती एवढीच कीं, ज्याच्यावर आपलें मन जडलें त्याची परीक्षा परक्याच्या कठोर नजरेनें घ्यावी लागते, हें त्यांना सुचलें नाहीं. संग्रहालयांतून त्या रुपेरी सांगाड्यांपुढें लोक तासन्‌तास उभे राहतात. तेथें ‘अ‍ॅक्रन’वर नसलेल्या एखाद्या जाकिटासाठींही एक रिकामी खुंटी ठेवण्यासारखी आहे.